टाक्याचा तळ

गडाचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगून टाकते. जुन्नरच्या मुलखातला आहे, पायथ्यापासून वर जायला दोन तास लागतात आणि शनिवार-रविवारी तिथं अजून रांग लागत नाही, एवढं पुरे. नाव लिहिलं की दोन पावसाळ्यांत तिथं भजीची गाडी उभी राहते.

गडाच्या उत्तर अंगाला, माथ्याच्या जरा खाली, कातळात कोरलेली दोन टाकी आहेत. खालचं उघडं आहे. दहा-बारा हात वर आहे ते खांबटाकं. म्हणजे खडक आत आत कोरत नेलेला, छत तसंच ठेवलेलं आणि ते पेलायला मधे दगडाचेच दोन खांब सोडलेले. वाकून आत बघितलं की आधी नुसता काळोख दिसतो. मग तो काळोख थोडा हलतो, तेव्हा कळतं की पाणी आहे. हे पाणी मी पहिल्यांदा प्यायले डिसेंबर १९९८ मध्ये. एकोणीस वर्षांची होते.

मी वाढले डोंबिवलीच्या चाळीत. आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि सव्वापाचला जायचं. आलं, गेलं, आपण पाण्याबद्दल बोलतो ते असं, जणू गावाकडचे काकाच. त्या पाऊण तासात दोन हंडे, तीन कळश्या, एक पिंप आणि मोरीतली बादली, हा क्रम ठरलेला. मोजून भरायचं, मोजून सांडायचं. शेवटची कळशी अर्धी असताना नळ फुरफुरला की आईचा आवाज दिवसभर चढा राहायचा. त्यामुळे पाणी कुणीतरी सोडतं तेव्हाच येतं, अशी माझी पक्की समजूत होती.

कॉलेजच्या ग्रुपबरोबर गडावर गेले तेव्हा एका सिनियरनं बाटलीच्या तोंडाला रुमाल बांधून टाक्यातलं पाणी गाळून दिलं. दात ठणकतील इतकं गार. चव ओल्या पाटीची. लहानपणी पाटीवरची पेन्सिल खाल्लेल्यांना कळेल. पण मी बघत राहिले ते भलत्याच गोष्टीकडे. हे पाणी कुणी सोडलेलं नव्हतं. ते तिथंच राहायला होतं. आम्ही आठ जणांनी बाटल्या भरल्या, तोंडं धुतली आणि ते तसूभरही कमी झालं नाही. त्या रात्री डायरीत लिहिलं: "टाक्याला सहा पायऱ्या. वरून तिसरीपर्यंत पाणी." कशासाठी लिहिलं, माहीत नाही. चाळीतली सवय असणार.

ती सवय पुढं वीस वर्षं टिकली. सिंहगडाचं देवटाकं, राजगडाचा पद्मावती तलाव, शिवनेरीवरच्या गंगा-जमुना, रायगडाचा गंगासागर, जिथं गेले तिथल्या पाण्याची पातळी लिहिली. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या लेण्यात पिंडीभोवती कमरभर पाणी आहे. चार खांबांपैकी एकच शाबूत आहे, ते सगळेच बघतात. मी त्यात उतरले आणि पाय बधिर व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं. बरोबरचे लोक सूर्योदयाचे फोटो काढायचे, मी दोराला दगड बांधून खोली मोजायची. "ही जलसंपदा खात्याची आहे काय," असा एक विनोद माझ्या मागं कायम असायचा. मी बँकेत आहे. आकडे जुळले नाहीत तर झोप येत नाही, एवढंच.

आणि या टाक्याचा आकडा जुळत नव्हता. २००३ मध्ये तिसऱ्या पायरीपासून तळ सात फुटांवर होता. २०१८ च्या मे महिन्यात त्याच दोरानं, त्याच पायरीपासून मोजलं तर चार फूट. तीन वेळा मोजलं. खडकाचा तळ काही वर येत नाही.

तेव्हा पलीकडच्या दगडावर एक बाबा बसले होते. पायथ्याच्या वाडीतले, गुरांमागं वर आलेले. माझा दोरखेळ त्यांनी बराच वेळ बघितला असावा.

"काय मोजत्ये पोरी?"

"गाळ बघते बाबा. तीन फूट भरलाय."

"भरल न्हाई तर काय. पितात समदे. उतरत कोन न्हाई."

ते ओरडून बोलले नाहीत, टोमणाही नव्हता. गुरं हाकता हाकता माणूस बोलतो तसं बोलले आणि उठून गेले. मी मात्र तिथं बराच वेळ बसले. वीस वर्षांत त्या टाक्यातून किती बाटल्या भरल्या असतील, याचा हिशेब डायरीत कुठंच नव्हता.

पुढचे अकरा महिने कागदात गेले. गडावरच्या टाक्यात उतरून गाळ काढायचा तर परवानगी लागते, आणि लागायलाच हवी. नाहीतर कुणीही पहार घेऊन जाईल. पण परवानगी मागणाऱ्याकडं ज्या नजरेनं बघतात ती सवयीची व्हायला वेळ लागतो. एका टेबलावर मला विचारलं गेलं, गडावर टाकं आहे याचा पुरावा काय? मी डायरी पुढं केली. साहेबांनी ती उलटसुलट केली आणि म्हणाले, "याच्यावर शिक्का नाही." चौथ्या खेपेला पत्र हातात पडलं. अटी सरळ होत्या: पहार-टिकाव वापरायचा नाही, सिमेंट लावायचं नाही, दगड हलवायचा नाही, काही सापडलं तर जमा करायचं. या अटींबद्दल माझी काही तक्रार नाही. मी असते तर आणखी दोन घातल्या असत्या.

एप्रिल २०१९ च्या शेवटच्या शनिवारी आम्ही चौदा जण वर गेलो. वाडीतले सहा जण आले, त्यात ते बाबा आणि त्यांची सून. तिला आम्ही सगळे वहिनी म्हणायला लागलो. सामान म्हणजे बारा घमेली, फावडी, दोर, कप्पी, आणि एक डिझेलचा पंप. पंपाची कल्पना आमची, शहरातल्यांची. दोघांनी तो बांबूला टांगून दोन तास वर वाहिला. टाक्यात त्या दिवशी तीन फूट पाणी होतं, त्याच्याखाली तीन फूट गाळ. आधी पाणी काढल्याशिवाय गाळाला हात घालता येत नव्हता.

विहिरीत उतरणारी माणसं करतात तसं आधी दोराला कंदील बांधून आत सोडला. विझला नाही, म्हणून दोन मुलं आत उतरली, पंपाच्या नळीच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, बसवायला. वाडीतले त्याला 'फुटबॉल' म्हणतात आणि आता मीही म्हणते. पंप टाक्याच्या तोंडाशीच ठेवला, कारण त्याची नळी आखूड होती. सुरू केला. पाच मिनिटं झाली नसतील, आतला एक मुलगा म्हणाला, "डोकं जड झालंय." दुसरा काहीच बोलला नाही, खांबाला धरून उभा राहिला. वहिनीच आधी ओरडल्या, "बंद करा त्ये!" दोघांना ओढून बाहेर काढलं. उघड्यावर पडून अर्ध्या तासानं सावरले. एकाला उलटी झाली. कंदील आत तसाच जळत होता. खाली साचलेला जड वायू कंदिलाला कळतो, इंजिनाच्या धुरातला विषारी वायू कळत नाही, आणि छत असलेल्या टाक्यात तो धूर कोंडतो, हे आम्हा चौदा पदवीधरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ती पाच मिनिटं आठवली की अजून हात गार पडतात. पंप त्याच संध्याकाळी खाली गेला.

बाबा म्हणाले, "नळी लावा की. खाली टाकं हाय, वर टाकं हाय. पान्याला वाट ठाव हाय."

त्यांच्या वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात असंच येतं. एक इंची काळी नळी, साठ फूट लांब, वाडीतून वर आली. ती अख्खी पाण्यात बुडवून भरायची, एका टोकाला अंगठा दाबून ते टोक बाहेर काढायचं, टाक्याच्या काठावरून खाली न्यायचं आणि पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच खाली गेल्यावर अंगठा काढायचा. पहिल्या दोन वेळा मधे हवा राहिली आणि नुसती गुळणी पडली. तिसऱ्या वेळी माझ्या अंगठ्याखाली पाणी एकदम जिवंत झालं. हा शब्द जपून वापरतेय. नळीनं आतून ओढ घेतली, अंगठा ढकलला आणि धार लागली. शाळेत सायफन शिकवला होता, आकृतीला पाच मार्क होते. अंगठ्याला शिकवला नव्हता.

मे महिन्यात खालचं उघडं टाकं कोरडं ठणठणीत असतं. वरचं पाणी त्यात सोडलं. वरचं टाकं अठरा फूट बाय बारा फूट, पाणी तीन फूट खोल, म्हणजे साधारण अठरा हजार लिटर. सोसायटीच्या हिशेबानं दोन टँकरला थोडं कमी. रात्री आठला नळी लावली आणि आम्ही टाक्यापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला पथाऱ्या पसरल्या. सगळी रात्र ती धार ऐकू येत होती. मधेच कधीतरी धारेचा आवाज बदलला. आधी कोरड्या दगडावर पडत होती, आता पाण्यावर. मग तिच्यात लपलप मिसळली. कुणीतरी पाणी पीत होतं. कुणी टॉर्च लावली नाही. सकाळी ओल्या मातीत ठसे होते, वाटीएवढे, नखांशिवाय. बाबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. "रोजचा हाय," एवढंच म्हणाले.

पहाटे चारच्या सुमारास नळी गुरगुरली. त्याच वेळी खालच्या घळीतून शीळ ऐकू आली, माणसानं आळसात घालावी तशी, सूर हरवत सापडत जाणारी. शीळकरी कस्तुर. पाण्याच्या आसपास राहणारा पक्षी. वीस वर्षं मी त्याची शीळ ऐकून पाणी जवळ आहे असं ओळखत आले. त्या पहाटे वाटलं, हा आता पाणी कुठं गेलं म्हणून विचारतोय.

तळाशी अर्धा फूट पाणी मुद्दाम ठेवलं होतं. त्यात बेडूक, सात खेकडे आणि एक दिवड. दिवड बिनविषारी, हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी सगळे बाहेर पळाले. वहिनींनी तिला काठीवर घेऊन खालच्या टाक्याकडं नेलं. बाकीची मंडळी ओल्या घमेल्यांतून गेली.

मग गाळ.

गाळाबद्दल लिहावं तितकं थोडं. वरचा थर काळा, लोण्यासारखा, पायाखाली सरकणारा, वास सडक्या पाल्याचा. फावडं मारलं की चप्प असा आवाज येतो आणि गाळ ते परत देत नाही, धरून ठेवतो. त्याच्याखाली तांबूस चिकणमाती. त्याखाली बारीक वाळू. आणि या सगळ्यात, केकमधे टुटीफ्रुटी असावी तसं आमचं सगळ्यांचं काहीबाही: पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, एका बुटाचा तळवा, बॅटरीचे सेल, नारळाची करवंटी, पाच रुपयांची सात नाणी. कुणीतरी इच्छा बोलून टाकली असतील. आमच्यातल्या मुलांना तोफगोळ्याची फार आशा होती. एवढ्या गाळात जुनं म्हणून निघाले ते खापराचे दोन तुकडे. ते कागदात गुंडाळून जमा केले. पावतीवर 'खापर, नग २' लिहून मिळालं.

भरलेलं घमेलं पंधरा-सोळा किलोचं. आत चौघं भरायला, तोंडाशी दोघं ओढायला, पुढं साखळी. कुणीतरी सुचवलं, सरळ कड्यावरून खाली लोटून देऊ. बाबा म्हणाले, "खाली आमची गुरं चरत्यात." मग तो गाळ दीडशे पावलं लांब, सपाटीवर पसरला, परत वाहून येणार नाही अशा जागी. ती दीडशे पावलं फार लांब होती. दहा घमेल्यांना एक खडा असा हिशेब मी ठेवला. तीन शनिवार-रविवार मिळून १६४ खडे झाले. त्यात दुसऱ्या रविवारी मी शेवाळावरून घसरले, गुडघा खांबावर आपटला. तो आता पाऊस यायच्या आदल्या दिवशी सांगतो.

दुसऱ्या शनिवारी एक गोष्ट लक्षात आली, ती सांगायला मला अजून जड जातं. गाळ येतो कुठून, हे बघायला मी टाक्याच्या वर चढले. तोंडाच्या वर पंचवीसेक फुटांवर कातळात एक चर कोरलेला आहे, वीतभर रुंद. वरच्या उतारावरून मातीचं पाणी येतं ते या चरात अडावं आणि बाजूला कड्यावरून पडावं. चराच्या खालच्या उघड्या, स्वच्छ कातळावर पडेल तेवढंच पाणी टाक्यात जावं, अशी ती योजना. कोरणाऱ्यानं सगळा विचार केला होता. चर मातीनं काठोकाठ भरलेला होता आणि बरोबर त्याच्यावरून एक पायवाट गेली होती. उताराची माती उकरत, चर ओलांडत, थेट टाक्याशी. ती वाट मला चांगली ठाऊक होती. मुख्य वाटेला मोठा वळसा आहे, वीस मिनिटं जातात. २००५ च्या सुमारास आमच्याच ग्रुपनं ती जवळची वाट धरायला सुरुवात केली. मीच पुढं होते. डायरीत लिहिलंय: "नवी वाट. २० मि. वाचली."

त्या दिवशी कुणाला काही बोलले नाही. संध्याकाळी वहिनींबरोबर बसून चर हातानं मोकळा केला, माती ओंजळीनं काढत. मग त्या वाटेवर करवंदीची काट्याची झुडपं तोडून आडवी टाकली. वहिनींनी विचारलं, "कुनी पाडली वो ही वाट?" मी म्हटलं, "आम्ही." त्या हसल्या, म्हणाल्या, "आमची गुरंबी चालतात की त्याच्यावरनं." चांगुलपणानं म्हणाल्या असतील.

तिसऱ्या रविवारी दुपारी फावडं खणकलं. दगड. चौघांनी एकदम फावडी टाकून दिली आणि हातांनी चिखल सारायला लागलो. टाक्याचा तळ मी पहिल्यांदा पाहिला. खरं म्हणजे हाताला लागला, दिसला नंतर. छिन्नीचे घाव एका दिशेनं, तिरके, रांगेत, जणू काल घातलेले. पाण्याखाली आणि गाळाखाली झीज कुठून होणार? एका कोपऱ्यात वीतभर खोल चौकोनी खळगा होता, पाणी तळाला गेलं की शेवटची कळशी भरावी म्हणून असेल. त्या खळग्यात मी हात घातला आणि मला आमच्या पिंपातून वाटीनं पाणी काढणारी आई आठवली. इथंही कुणीतरी शेवटच्या कळशीचा विचार करून ठेवला होता.

हे टाकं नक्की कधीचं, ते सांगता येणार नाही. सह्याद्रीत टाकी कोरायचं काम दोन हजार वर्षांपासून चालत आलंय. कान्हेरीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत टाक्याला 'पोढी' म्हणतात, आणि अमक्यानं पोढी दान दिली असं तिथं कोरून ठेवलंय. सोनंनाणं देणाऱ्यांच्या बरोबरीनं पाण्याची जागा देणाऱ्याचं नाव. आमच्या टाक्यावर नाव नाही.

मागच्या भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला, एक आडवी ओली रेघ होती. सह्याद्रीचा खडक लाव्हाच्या थरांनी बनलाय, साडेसहा कोटी वर्षांमागच्या. थरावर थर, कांद्याच्या भज्यांच्या ताटासारखे नव्हे, मांडेकरणीच्या मांड्यांसारखे, एकावर एक आडवे. एक थर घट्ट, दुसरा सच्छिद्र. पावसाचं पाणी भेगांतून खाली झिरपतं आणि घट्ट थरावर आलं की त्याला आडवं चालावं लागतं. ते जिथं डोंगराच्या अंगाला बाहेर येतं, तिथं झरा. म्हणून एका डोंगरावरचे झरे पुष्कळदा एकाच उंचीला सापडतात. टाकं कोरणाऱ्यानं ती रेघ शोधून तिच्या पोटात टाकं घेतलं होतं.

मे महिन्याच्या मध्यावर, सगळा डोंगर करपलेला असताना, त्या रेघेच्या एका टोकातून थेंब पडत होते. स्टीलचा पेला खाली धरला, २०० मिलिलिटरचा. भरायला चार मिनिटं लागली. परत धरला. चार मिनिटं. आत सगळे चिखलानं माखलेले, कुणी बोलत नव्हतं, आणि मी मोबाइलच्या उजेडात घड्याळ बघत बसलेली. दिवसाचे ७२ लिटर. जेमतेम पाच हंडे. आमच्या चाळीतल्या एका खोलीचं पाणी.

टाकं तिसऱ्या पायरीपर्यंत भरलं तर बेचाळीस हजार लिटर बसतं. नुसत्या या झऱ्यावर ते भरायला दीड वर्षाहून जास्त लागेल. तेव्हा झरा हा आधार, खरी भिस्त पावसावर. चर आणि तोंड यांच्यामधला उघडा कातळ सत्तर चौरस मीटर धरला आणि पावसाळ्यात दोन मीटर पाऊस, तर एक लाख चाळीस हजार लिटर होतात. तिप्पट. कोरणाऱ्याचा हिशेब माझ्यापेक्षा चोख होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हेच आहे: आधी पाणी बघावं, मग गड बांधावा, झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात, म्हणून टाकी खोदून साठा करावा.

पहिला भरलेला पेला मी बाबांना दिला. त्यांनी अर्धा प्यायला, उरलेला वहिनींना दिला. मला दुसरा मिळाला. चव तीच, ओल्या पाटीची. (इथं एक सांगते: झऱ्याचं असो की टाक्याचं, पाणी उकळून किंवा औषध टाकूनच प्या. २०११ मध्ये एका टाक्याच्या पाण्यानं मी आठ दिवस सलाईनवर होते. त्या पेल्याच्या वेळी मीही हे पाळलं नाही, हे खरं आहे.)

जुलैत एकटीच गेले. घरी सांगितलं मैत्रिणीकडं जातेय, ते काही बरं केलं नाही. धुकं एवढं की पुढचा खडक दिसेना, पाऊस आडवा, कानात शिरणारा. टाक्याच्या वर, चराच्या काठी, पोंचो गुंडाळून बसले. वरच्या उतारावरून चहाच्या रंगाचं पाणी उड्या मारत येत होतं. चरापाशी आलं की क्षणभर फुगायचं, काठ चाचपायचं आणि डावीकडं वळून कड्यावरून खाली जायचं. चराच्या खालच्या कातळावरून जाणारं पाणी काचेसारखं. एकाच उतारावर, हातभर अंतरानं, दोन रंगांची पाणी. दीड तास बघत होते. करवंदीच्या काट्या अर्ध्या वाहून गेल्या होत्या, पण वाटेवर गवत धरलं होतं. सपाटीवर पसरलेल्या गाळावर तर कमरेएवढं.

ऑक्टोबरात पाणी पहिल्या पायरीला होतं. दोर सोडला. दोर ओला झाला तो आठ फुटांच्या गाठीपर्यंत, आणि शेवटी दगड टक्कन वाजला. चिखलात पडल्यावर येतो तो बुळबुळीत ठप्प आवाज नाही. टक्कन.

पुढच्या दोन वर्षांत जाणं झालं नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. बाबा त्या काळात गेले. वहिनींचा फोन आला तेव्हा त्या पहिल्यांदा हे सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी सांगितलं, "चर साफ केला वो पावसाच्या आधी. पोरास्नी घेऊन." मग बाबांचं सांगितलं.

२०२३ च्या फेब्रुवारीत गेले तेव्हा टाक्याशी पाच-सहा कॉलेजची मुलं होती. पाणी तिसऱ्या पायरीला. एक मुलगी पायरीवर बसून आत डोकावत होती, बाटली हातात, पण बुडवायला धजत नव्हती.

"काकू, हे पाणी चालतं का प्यायला? खाली काय आहे, काही दिसत नाही."

"उकळून घे," मी म्हटलं. "आणि मागच्या भिंतीकडं हात लांब करून भर. तिकडं जास्त गार असतं."